मागची डावी केबल

पुढचा डावा कोपरा. उरलेले दिवस : एक्कावन्न.

सावनी खाली उतरली ती भांडायलाच. ड्राइव्हवेत कुणीतरी ट्रक आडवा लावला होता आणि तिची गाडी त्यामागे अडकली होती. ट्रकच्या पाठीवर एक जुना कॅम्पर, म्हणजे चक्क एक छोटं घर, बसवलेलं. त्यापुढे एक मुलगा रक्ताळलेला तळवा पसरून उभा. चेहरा मात्र हसरा.

"केबल पकडायला गेलो," तो म्हणाला, "तिनेच मला पकडलं."

लॅबमध्ये काम करणाऱ्या मुलीच्या पर्समध्ये चिमटा असतो. तळव्यात घुसलेली केसाएवढी पोलादी तार तिने अलगद ओढून काढली. बॉथेल गावचा तो पाऊस पडत होता — पडतोय की नाही, हे केसांवर हात फिरवल्यावरच कळतं असा.

"दुखलं?"

"अजून एखादी तार असेल... नीट बघा ना."

"नाहीये."

"तुम्ही नीट बघितलंच नाही."

अवधूत, नागपूरचा. घरमालकीण मालिनीमावशींच्या बेसमेंटमध्ये कालच राहायला आलेला. नोकरी जाऊन नऊ दिवस झाले होते. व्हिसाच्या नियमाप्रमाणे साठ दिवसांत दुसरी मिळाली तर ठीक, नाहीतर देश सोडायचा. ट्रकला गिऱ्हाईक होतं, पण नुसत्या ट्रकला. म्हणजे आधी कॅम्पर उतरवायला हवा. त्याला चार कोपऱ्यांवर चार पाय, चार जॅक. हँडल फिरवलं की आतली केबल गुंडाळते आणि कॅम्पर वर उचलला जातो. चारही केबल झिजलेल्या, तारा सुटलेल्या.

"एखादी तुटली तर?"

"तर माझं घर कुशीवर झोपेल."

गाडी काढायची आहे, हे सांगायला ती विसरली.


पुढचा उजवा. अठ्ठेचाळीस.

चार केबल मागवल्या, तीन आल्या. चौथी स्टॉकमध्ये नव्हती. सावनीची गाडी निघावी म्हणून अवधूत रोज सकाळी ट्रक हलवायचा आणि मग परत आडवा लावायचा.

अवधूत अर्धा तास जॅकच्या नळीत नवी केबल ढकलत होता. ती परत परत बाहेर येत होती. सावनी पायरीवर बसून पाहत होती.

"ही नाडी आहे रे," ती शेवटी म्हणाली. "जुनी आधी काढून टाकायची नसते. तिच्या टोकाला नवी बांधायची आणि जुनी ओढायची. आईनं शिकवलं नाही?"

"आईनं इंजिनियर केलं."

"म्हणूनच."

जुनीच्या शेपटीला टेप लावून तिने नवी बांधली, ओढली. नवी सुळकन वर गेली. अवधूतने केबलकडे पाहिलंच नाही. त्या दुपारी पुढच्या दोन्ही झाल्या.


मागचा उजवा. एक्केचाळीस.

तिसरी. मग कॅम्परमध्ये चहा. आत एवढीशी जागा, की एकानं पुढे जायचं तर दुसऱ्यानं पलंगावर बसावं लागे. त्या दिवशी कुणीच बसलं नाही. दोघंही मधेच, कप सांभाळत, उभे...

"ग्रँड कॅन्यन बघायला घेतला होता," तो म्हणाला. "कॉस्कोच्या पार्किंगपलीकडे गेलोच नाही यार."

"एखादी नोकरी येईल."

"आली तर एडिसनला येईल, नाहीतर फ्रीमाँटला. बॉथेलमध्ये नाही."




मागचा डावा. एकोणचाळीस.

सोमवारी चौथी केबल आली. पार्सल सावनीच्या दारात होतं, कारण पत्ता वरच्या मजल्याचा दिला होता. तिने ते स्वेटरखाली, कपाटात ठेवलं.

चौतीस. "आली का?" — "नाही."

सत्तावीस. "आली का?" — "नाही. शिपिंगवाले म्हणजे ना..."

वीस. त्या शनिवारी, सतरा तारखेला, तो बराच वेळ पाना पुसत बसला. मग विचारलं. ती "नाही" म्हणाली. त्याने मान हलवली.

तेरा. या खेपेस त्याने विचारलंच नाही. "तिकीट काढलं," एवढंच म्हणाला.


सहा.

"आली," सावनी म्हणाली. "काल."

त्याने पार्सल घेऊन फोडलं. तासाभरात केबल बसली. मग ट्रक घराच्या कडेच्या गवतावर घेतला. आता कॅम्पर उचलायचा. ती मागच्या डाव्या कोपऱ्यावर, तो समोर तिरपा, पुढच्या उजव्यावर. पाच फेरे, मग दुसरा कोपरा, पुन्हा पाच. मधे थांबायचं नाही. थांबलं की कलतो.

"एक," ती म्हणाली.

"पार्सल आलं की ते फोटो पाठवतात," तो हँडल फिरवत म्हणाला. "ईमेल माझा आहे."

"दोन..."

"तुझ्या निळ्या चपला होत्या फोटोत. एकोणचाळीस दिवस उरले होते."

तिचा हात थांबला.

"फिरव सावनी. तिकडे कलतंय."

"तीन. मग विचारत का होतास?"

"तू हो म्हणालीस की बोलायचं ठरवलं होतं. दर शनिवारी वाटायचं, आज म्हणेल."

"आणि मी ठरवलं होतं, तू विचारायचं सोडलंस की बोलायचं."

"एडिसनहून ऑफर होती. सतरा तारखेपर्यंत उत्तर मागितलं होतं त्यांनी."

"सतरा? तेव्हा तर..."

"तेव्हा तू नाही म्हणालीस."

"माझ्यामुळे ट्रक अडकला, म्हणून गेली नोकरी?"

"एडिसनला विमान जातं गं. ट्रक माझंही निमित्तच होता." तो कपाळ पुसत म्हणाला. "चार झाले का तुझे?"

"चार. जाऊ नको म्हणायला हवं होतं मी."

"मी कुठे जात होतो..."

कॅम्पर बोटभर अधांतरी होता. त्याच्या पोटाखालून तिला अवधूतचे फक्त बूट दिसत होते. ते हलले नाहीत.

"नागपूरला येशील?"

तिच्या ग्रीन कार्डची फाइल अर्ध्यावर होती. लॅब होती. सांगलीला बाबांच्या घराचा वरचा मजला तिच्या पगारावर चढत होता. हे सगळं त्याला माहीत होतं, तरी त्याने विचारलं होतं. आणि तिच्या हातात हँडल होतं.

"पाच," ती म्हणाली.

बूट दुसऱ्या कोपऱ्याकडे गेले.

त्यानंतर फक्त आकडे ऐकू आले. कॅम्पर सरळ, जराही न कलता वर गेला. चारही केबल ताठ. अवधूत ट्रकमध्ये बसला आणि कॅम्परखालून हळूच पुढे निघाला. रस्त्याला लागताना ब्रेकचे दिवे एकदा लागले, विझले.

मालिनीमावशींनी खिडकी उघडली. "निघाला का एकदाचा? चला, तुझी गाडी तरी मोकळी झाली बाई."

"हो मावशी," सावनी म्हणाली.