आखाड्यावरच्या पाण्याचा नमुना

अहवालाप्रमाणे पाणी निर्दोष होतं. रेणुकाताईंनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि टेबलावर पालथा घातला.

सरकारी प्रयोगशाळेत त्यांनी सव्वीस वर्षं पाणी तपासलं होतं. आता परभणीत एका संस्थेचं माहिती केंद्र त्या एकट्याच सांभाळत. केंद्र म्हणजे काय, तर एक खोली, एक फोन आणि एक कपाट. कपाटात पुस्तिका: गरोदर बाई आणि फवारणी, चुलीचा धूर, रंगातलं शिसं, बोअरचं पाणी. भिंतीवर कुठल्या कामाला कोण याची यादी. औषध अंगावर उडालं तर हा नंबर, पाणी तपासायचं तर ही प्रयोगशाळा, सासरच्यांनी घराबाहेर काढलं तर ही वकीलबाई. फार कष्टानं जमवलेली यादी होती. वाचायला मात्र पालीशिवाय कुणी फिरकत नसे. आठवड्यात दोन फोन आले की दिवाळी.

या आठवड्यातला दुसरा फोन आत्ता वाजला.

"ताई, मी राजेश्री. पिंगळीहून, माहेरून. आला का कागद?"

"आलाय."

"काय निघालं?"

रेणुकाताईंना गोड खोटं बोलता येत नसे. "कागद म्हणतोय पाणी चांगलं आहे."

पलीकडे रेल्वेची शिट्टी ऐकू आली. राजेश्रीनं गाडी निघून जाऊ दिली.

"म्हंजी मीच खराब," ती शेवटी म्हणाली.

"मी तसं म्हटलेलं नाही."

"तुमी न्हाई म्हणल्या. पर रविवारी बैठक हाय, फारकतीची. पाणी चांगलं निघालं तर तुझ्याच पोटात खोट हाय हे पंचांपुढं कबूल कर, असं आत्याबाईनं सांगून ठेवलंय. ताई, तीन येळा गेलं माझं. आता हे बी कबूल करू?"

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, गौराबाई. आज गुरुवार. रेणुकाताईंनी फोन ठेवला आणि कागद पुन्हा सरळ केला.

या कागदात काहीतरी काळंबेरं होतं. पंधरा दिवसांपूर्वी बोरीजवळ राजेश्रीच्या सासरच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरावर, त्यांनी स्वतः बोअरच्या पाण्यात कागदी पट्टी बुडवली होती. पट्टी गडद गुलाबी झाली होती. नायट्रेट शंभराच्या वर, आणि पिण्याच्या पाण्यात पंचेचाळीसच्या वर चालत नाही. पट्टीवर बैठक फिरत नाही, पक्का अहवाल लागतो, म्हणून त्यांनी बाटली भरली. तोवर प्रयोगशाळा बंद झालेली. बाटली त्याच घरातल्या फ्रिजमध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी राजेश्रीच्या नवऱ्यानं, शिवकांतनं, ती मोटारसायकलवरून परभणीला पोचवली. टोपणाला सील लावायचं राहिलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर ही चूक म्हणजे लाज वाटण्यासारखीच गोष्ट होती, आणि त्यांना ती वाटलीही.

अहवालात नायट्रेट सहा होतं. क्षार दोनशे दहा. आणि तळाशी एक चमत्कारिक नोंद: तांबं, थोडं, पण आहे.

बोअरचं पाणी एका रात्रीत गाळून निघत नाही. बाटली तीच होती, आतलं पाणी दुसरं होतं.

*

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं त्या बोरीला उतरल्या. स्टँडजवळच भागवतचा जारच्या पाण्याचा कारखाना होता. भागवतनं खुर्ची पुसून पुढं केली.

"आखाड्यावर तुमचा जार जातो?"

"कुठला! गौराबाई म्हणतात, दारात बोअर असताना इकतचं पाणी कशाला? तुमीच सांगा मॅडम, ते पाणी खराब हाय म्हणून. मी बोललो तर लोक म्हणतेत धंद्यासाठी बोलायलाय."

"माझ्या कागदावर ते चांगलं आलंय."

भागवतचं तोंड कडू झालं. रेणुकाताईंनी पर्समधून पेनासारखं क्षार मोजायचं यंत्र काढून त्याच्या ग्लासात बुडवलं. आकडा चाळीस आला. त्यांनी तो वहीत लिहिला, उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि चालत आखाड्याची वाट धरली.

दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेला होता. वाटेत कुणी भेटलं नाही. रेणुकाताईंना एकटेपणाची सवय होती, पण सवय झाली म्हणून बरं वाटतं असं नाही.

आखाड्यावर अंगणाच्या एका कडेला गोठा, गोठ्यामागे शेणाचा खड्डा आणि खड्ड्यापासून दहा पावलांवर बोअर. ओसरीत धाकटी सून सृष्टी शेंगा फोडत बसली होती. तिचा नवरा महारुद्र पुण्याला कंपनीत होता. तिला पाचवा महिना लागला होता.

"आत्याबाई कुठं गेल्या?"

"मठाच्या आडावर. सकाळपासून दुसरी खेप हाय त्यांची."

"तू पाणी कुठलं पितेस?"

"आधी बोअरचंच. आता आत्याबाई त्यांच्या घागरीतलं देतेत. पूजेच्या पाण्यातलं. तुमी येऊन गेल्या ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"असं का?"

"लेकरू हाय पोटात, देवाचं पाणी पी म्हणल्या. त्या घागरीला दुसऱ्या कुणाला हात बी लावू देत न्हाईत. लय जीव लावायलेत."

"राजेश्रीला कधी दिलं होतं?"

सृष्टीनं शेंगांत मान घातली. "न्हाई."

शिवकांत गोठ्यातून हात धुऊन आला आणि ओसरीत बसला. चाळिशीच्या आतला, पण खांदे पडलेले.

"बाटली फ्रिजमधून कुणी काढली?" रेणुकाताईंनी विचारलं.

"मीच. सकाळी सातला."

"वाटेत थांबलात?"

"झरीला चहा घेतला."

"बाटली उघडली?"

"कशाला उघडू?"

"पाणी चांगलं निघालं की रविवारी तुमचा मार्ग मोकळा. म्हणून विचारलं."

शिवकांत ताडकन उठला आणि तसाच खाली बसला. "मला दुसरं लग्न नको मॅडम. पर आईपुढं कोण बोलणार?"

"ती तीनदा दवाखान्यात गेली. तुम्ही स्वतःची तपासणी केलीत का एकदा तरी? फवारा पाठीवर घेऊन तुम्हीच फिरता ना?"

"माझी? मला काय झालंय?"

"तेच विचारतेय," रेणुकाताई म्हणाल्या.

तेवढ्यात गौराबाई आल्या. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, डोक्यावर लखलखीत तांब्याची घागर. त्यांनी घागर देवघराच्या कोनाड्यात ठेवली. उजव्या तळव्याला चिंधी बांधलेली होती.

"हाताला काय झालं?"

"दोर लागला. मठाच्या आडाला रहाट न्हाई, हातानंच शेंदावं लागतं."

"दारात बोअर असताना?"

"मोटारीचं पाणी लिंगाला चालत न्हाई आमच्यात. सासूबाईपासून असंच हाय." मग जरा आवाज चढवून, "कागद आला म्हणं. चांगलं निघालं ना पाणी? मी तर आधीच म्हणलं व्हतं. आमी बी ह्याच रानात दोन पोरं जन्माला घातली की."

"बोअर कधी घेतला?"

"आठ वर्षं झाली."

"म्हणजे तुमची बाळंतपणं आडाच्या पाण्यावर झाली."

रेणुकाताईंनी घागरीतलं वाटीभर पाणी मागितलं. गौराबाई हलल्या नाहीत. शेवटी सृष्टीच उठली आणि आपल्यासाठी काढून ठेवलेला पेला घेऊन आली. रेणुकाताईंनी यंत्र बुडवलं. आकडा दोनशे बारा.

मग बोअरच्या नळाखाली पट्टी धरली. पट्टी गुलाबी झाली, पंधरा दिवसांपूर्वी झाली होती तितकीच.

*

"बसा सगळे," रेणुकाताई म्हणाल्या.

"बाटलीतलं पाणी बदललं गेलं, हे कागदावरूनच कळत होतं. प्रश्न होता कुणी आणि कशानं. भागवतनं बदललं असतं, तर त्याचं पाणी चाळीसचं, आणि बाटलीतलं दोनशे दहाचं. शिवाय हे पाणी खराब निघण्यातच त्याचा फायदा. तो कशाला बदलेल?

"शिवकांतरावांवर माझा संशय होता. पण त्यांना बदलायचं असतं तर झरीच्या हॉटेलात नळ होता. बाटलीतलं पाणी मात्र रात्रभर तांब्यात राहिलेलं होतं, कागदात तांबं उतरलंय. तांब्याची घागर या घरात एकच, आणि तिला हात लावणारं माणूसही एकच."

शिवकांतनं आईकडे पाहिलं. गौराबाई चिंधीची गाठ चाचपत होत्या.

"तरी मला पटत नव्हतं. घागर पूजेची, चुकून कुणी ओतलं असेल, म्हटलं. मग सृष्टी बोलली. त्या संध्याकाळी पट्टी गुलाबी झाली तेव्हा माझ्याशेजारी एकच बाई उभी होती. तिनं मला विचारलं, लाल म्हंजे काय? मी सांगितलं, शेणखड्ड्याचं पाणी बोअरमध्ये झिरपत असावं. तिनं विचारलं, गरोदर बाईला चालतं का? मी म्हटलं, नाही. दुसऱ्या दिवसापासून सृष्टीला बोअरचं पाणी बंद झालं आणि आडाच्या दोन खेपा सुरू झाल्या. पाणी चांगलं आहे असं जिला खरंच वाटतं, ती या वयात दोर ओढून तळवे सोलून घेत नाही. गौराबाई, तुम्हाला सगळं माहीत होतं. एका सुनेला तुम्ही वाचवलंत आणि दुसरीला पंचांपुढं उभं केलंत. का?"

गौराबाईंनी हातावरची चिंधी सोडून मुठीत धरली.

"बोअर मी घ्यायला लावला," गौराबाई म्हणाल्या. आवाज अगदी खाली होता. "जागा बी मीच दावली. शिवा म्हणत व्हता, वरल्या वावरात घेऊ. मी म्हणलं, दारातच घे. मी तीस वर्षं डोक्यावर पाणी वाहिलं, माझ्या मानेचं भुस्कट झालं. सुनांना तरी त्रास नको, म्हणलं. गोठ्याचं मला काय कळायलं? लाल कागद बघितला अन् माझ्या पायाखालची जमीनच गेली. तीन लेकरं. माझ्या हातानं. तिच्यात खोट हाय म्हणलं तर मी झोपू शकत व्हते मॅडम. न्हाईतर कशी झोपू?"

"म्हणून घागरीतलं भरलं."

"खोटं करायचं तर निदान शुद्ध पाण्यानं तरी, असं वाटलं," गौराबाई म्हणाल्या आणि पदरात तोंड लपवून हमसून रडू लागल्या.

शिवकांत उठून आईजवळ गेला नाही. गोठ्याकडेही गेला नाही. मध्येच उभा राहिला.

रेणुकाताईंना राग आला होता, आणि तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. "हे बघा," त्या म्हणाल्या, "लेकरं पाण्यानंच गेली, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. फवारणी असेल, शिवकांतरावांची तब्येत असेल, आणखी काही असेल. ते डॉक्टर बघतील, नंबर मी देते. पण खोट तिच्यातच आहे असं म्हणायला आता कुणाला जागा नाही. रविवारी हे पंचांपुढं मी सांगू, की तुम्ही सांगाल?"

गौराबाईंनी डोळे पुसले. "तुमाला लेकरं किती मॅडम?"

"एकही नाही. दोन पोटातच गेली. गंगाखेडला सासर होतं, तेव्हा."

"पाणी तपासलं व्हतं?"

"माझंही कुणी तपासलं नाही. फारकत मात्र वेळेवर झाली."

जाताना रेणुकाताईंनी बोअरची दुसरी बाटली भरली. या खेपेला टोपणाला सील लावलं, वर सही केली आणि ती स्वतःच्याच पिशवीत ठेवली.

*

रविवारी केंद्राला सुट्टी असते. रेणुकाताई तरीही खोली उघडून बसल्या होत्या. दुपारी फोन वाजला.

"ताई, झाली बैठक."

"काय झालं?"

"पंच बसायच्या आधीच आत्याबाई उठल्या. म्हणल्या, पोरीचा काही कसूर न्हाई, कसूर माझ्या बोअरचा अन् माझा हाय. सगळ्यांसमोर. माझे वडील तर रडायलेच."

"आणि शिवकांत?"

"डॉक्टरचा नंबर तुमच्याकडून घेतला म्हणले. चल म्हणले घरी."

"जाणार?"

पिंगळीला कुठलीतरी गाडी येत होती, ती थांबल्यावर राजेश्री बोलली.

"आत्याबाईनं तांब्याची घागर आणली व्हती. बसमधी मांडीवर धरून, भरलेली. आमच्या उंबऱ्यावर ठेवली अन् म्हणल्या, यायचं तर ये, न्हाई तर न्हाई, पर पाणी हे पी. अजून मी काही ठरवलं न्हाई ताई. तीन येळा मला जे बोलल्या ते एका घागरीनं कसं धुऊन निघल? पर घागर आत घेतली."

"बरं केलंस," रेणुकाताई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर खोली पुन्हा तशीच झाली. त्यांनी कपाटातून एक रिकामी बाटली काढली आणि तीन वेळा विसळली. गंगाखेडच्या त्या घरामागचा आड अजून वापरात आहे, असं कुणीतरी मागं बोलल्याचं त्यांना आठवत होतं. तिथं आता कुणाची सून पाणी शेंदत असेल, कोण जाणे. बाटलीवर त्यांनी चिठ्ठी चिकटवली, तीस वर्षांत न लिहिलेला तो पत्ता सावकाश लिहिला, आणि गंगाखेडची एसटी किती वाजता आहे ते बघायला चप्पल पायात घातली.