उलट्या तारा

तिच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, ते उद्धटपणाने नव्हे. उद्धट व्हायलासुद्धा थोडा आत्मविश्वास लागतो.

पत्र प्रकाशकांकडून फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं होतं. 'आपल्या पुस्तकातल्या, विजेने डीएनएचे तुकडे वेगळे करायच्या जेलच्या आकृतीत तारा उलट्या जोडल्या आहेत. मी रजेवर असताना माझ्या वर्गातल्या मुलांनी आपल्यावर विश्वास ठेवला. सगळा डीएनए उलट्या दिशेने पळून पाण्यात गेला. आपलं काय म्हणणं आहे?' खाली ठसठशीत सही आणि कॉलेजच्या जीवरसायन विभागाचा पत्ता.

म्हणणं काय असणार! माझी सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. विज्ञान शिकणाऱ्या मुलांसाठी रेणूंच्या जगावर एक सोपं पुस्तक लिहावं, एवढी हौस होती, ती निवृत्तीनंतर भागवली. आणि त्यात चूक सापडली ती अशी. उत्तर लिहायला बसलो. पहिल्या कागदावर माफी होती, दुसऱ्यावर माफीची कारणं, तिसऱ्यावर कारणांबद्दल माफी. सगळे फाडले.

"भावोजी, टपालपेटी कोपऱ्यावरच आहे हो," वहिनी म्हणाल्या. दादा गेल्यापासून आम्ही दोघं एकाच घरात राहतो; माझे फाडलेले कागद त्याच गोळा करतात. "चावत नाही ती."

मग एका दुपारी वाचनालयात गेलो. बाहेर भुरभुर पाऊस होता, खिडकीपाशी एक बाई बसल्या होत्या. पिकलेले केस, पण मान ताठ. त्या वाचनालयाच्या पुस्तकात चक्क लाल पेन्सिलीने काहीतरी रंगवत होत्या. माझ्यातला मुद्रितशोधक जागा झाला.

"अहो... वाचनालयाच्या पुस्तकात लिहायचं नसतं," मी कुजबुजलो.

"चुकीचं छापायचंही नसतं," त्या मान वर न करता म्हणाल्या.

तेव्हा मला दिसलं, पुस्तक माझं होतं. त्या आकृतीतली काळी तार लाल करत होत्या. मी पाय काढता घेणार, तेवढ्यात त्यांनी पुस्तक उलटं केलं, मागचा फोटो पाहिला, मग मला पाहिलं. पुन्हा फोटो.

"हे तुम्हीच!"

"हो... म्हणजे, तेव्हा."

"केस छान होते हो." मग एकदम, "माझं पत्र मिळालं होतं?"

"मिळालं."

"मग?"

मी पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिलं. कपाटाने काही मदत केली नाही.

"एक विचारू? हा प्रयोग तुम्ही हाताने केलाय कधी?"

"वाचलाय," मी म्हणालो. "पुष्कळदा."

त्या हसल्या. वाचनालयात हसायचं नसतं, म्हणून तोंडावर रुमाल धरून, खांदे हलवत हसल्या. आणि मला इतकं बरं वाटलं... का, ते कळेना.

"शनिवारी या," त्या म्हणाल्या. "प्रयोगशाळा रिकामी असते."

कॉलेजात त्यांना 'बर्फबाई' म्हणतात, हे मला शिपायाने सांगितलं. कारण लवकरच कळलं. एन्झाइमची इवलीशी कुपी मी टेबलावर ठेवली मात्र, "बर्फावर! बर्फावर ठेवा!" अशी आरोळी आली की माझ्या हातून कुपीचं झाकण पडलं.

"माहीत आहे मला ते नाव," त्या म्हणाल्या. "मुलं समजतात मी थंड आहे म्हणून. समजू दे."

टाकीत जेल होतं, पारदर्शक, थरथरणारं, एका टोकाला बारीक खाचा पाडलेलं. त्यातल्या एका खाचेत पिपेटने, म्हणजे बारीक नळीने, डीएनए मिसळलेला निळा थेंब सोडायचा. थेंब खाचेत जाईल की माझ्या बाहीवर, सांगता येत नव्हतं. त्यांनी कोपराला खालून दोन बोटं लावली. फक्त दोन. "श्वास सोडा... आता थेंब सोडा." निळा रंग खाचेत अलगद उतरला. बोटं काढून घेतली गेली, आणि कोपर उगाच हलका झाला.

"आता काळी तार खाचांच्या बाजूला. लाल पलीकडे. का, ते पाठ आहे ना?"

"डीएनएवर ऋण भार असतो. तो धनाकडे धावतो."

"ऋण आहे म्हटल्यावर धनाकडे धावणारच, नाही का!" स्वतःच्याच विनोदावर त्या खूश झाल्या. मीही. निळी रेघ पुढे निघाली, मुंगीपेक्षा हळू, पण बरोबर दिशेने.

"वीज वाढवली तर लवकर होईल?" मी विचारलं.

"होईल. पण जेल तापून वितळेल आणि सगळ्या रेघा फरपटतील. बसा. चहा घ्या."

मी बसलो. पुढच्या शनिवारीही बसलो, आणि त्याच्या पुढच्याही. पुस्तकातला एकेक प्रयोग त्या करून दाखवायच्या, मी तो नव्याने लिहायचो. वहिनी माझ्या शनिवारच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघून नुसतं "हं" म्हणायच्या. त्या 'हं'मध्ये एक कादंबरी असायची.

एकदा प्रयोगशाळेत बाईंनी लालबुंद द्रावणाची बाटली उजेडात धरली. "ओळखा."

"सरबत?"

"सोनं! कण इतके बारीक केलेत की सूक्ष्मदर्शकातही दिसायचे नाहीत. एवढं बारीक झालं की सोनं पिवळं राहत नाही, लाल होतं."

"लाजून?" मी म्हणालो.

आयुष्यात मी असं काही बोललो नव्हतो. कोण बोललं, म्हणून मागे वळून पाहावंसं वाटलं.

"लेखक महाशय," त्या बाटली हळूच खाली ठेवत म्हणाल्या, "जमतंय की तुम्हाला."

मग तो शनिवार आला. निळी रेघ अर्ध्यावर होती. त्या खिडकीतून बाहेर पाहत म्हणाल्या, "मी या महिन्यात निवृत्त होते. मुलगा म्हणतोय, आता एकटी राहू नकोस, कायमची इकडे ये. सून तर इतकी चांगली आहे की तक्रारीलाही जागा नाही."

"छान..." मी म्हणालो.

"घरमालकाला कळवावं लागेल, घर सोडते म्हणून. महिनाअखेरीच्या आत." मग माझ्याकडे वळून, "जाऊ का?"

माझ्या तोंडात 'नको' होतं. अगदी दातांपर्यंत आलेलं. पण त्यांचा मुलगा, ती गुणी सून, माझं वय, माझी पेन्शन... आणि तोंडातून बाहेर पडलं, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

त्यांनी वीज बंद केली. जेल अर्ध्यावरच राहिलं.

"तुम्ही तारा आकृतीतच उलट्या नाही जोडत," त्या शांतपणे म्हणाल्या. "आत सगळं असतं. आणि पळतं भलतीकडे." पर्स उचलताना पुढे म्हणाल्या, "माझ्या पत्राला उत्तर हवंय मला. लेखी. तोंडी तुम्ही समोरच्याला सोयीचं तेच बोलता."

घरी आल्यावर वहिनींना सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण जेवताना हातातला घास हातातच राहिला तेव्हा त्यांनी विचारलंच.

"योग्य वाटेल ते करा, म्हणालात?" त्यांनी कपाळाला हात लावला. "एवढी पुस्तकं वाचलीत भावोजी, एकात तरी बायकांशी असं बोलावं म्हणून लिहिलंय का?"

"पण वहिनी, या वयात... आणि तुम्ही एकट्या..."

"माझ्यावर ढकलू नका हं! मला टीव्ही मोठ्याने लावायचाय कधीचा."

मी टेबलाशी बसलो. माफी सुचली, कारणं सुचली. ती सगळी बाजूला सारली आणि मला आयुष्यभर जे एकच लिहिता आलं ते लिहिलं, शुद्धिपत्र:

'आकृतीत तारा उलट्या आहेत. चित्रकाराची नव्हे, माझी चूक. प्रयोग मी कधी केला नव्हता.

आणखी एक दुरुस्ती. आज शनिवारी, खिडकीपाशी, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा" याऐवजी "जाऊ नका, माझ्याजवळ राहा" असे वाचावे.'

सही केली. पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर सुधारलं असतं. तसाच चपला घालून कोपऱ्यावर गेलो. पाकीट फटीत धरलं, सोडलं. आत टप् असा आवाज झाला.

लगेच वाटलं, 'माझ्याजवळ' जरा जास्तच झालं का? मी फटीत हात घालून पाहिला. बोटं गेली, तळवा अडकला. मागून कोणीतरी पत्र टाकायला आलं होतं, "आजोबा, काही पडलं का आत?" म्हणून विचारत होतं.

"हो," मी हात काढून घेतला. "पडलं एकदाचं."