ओढधाग्याचा दाखला

नीळकंठनं दारात येताच आधी कागद पुढे केला, सगुणा कशी आहे ते मग विचारलं. माझ्या हातची आंबील पिऊन वाढलेलं पोर, पण तेवढीही रीत त्याच्यात उरली नाही. सोबत नागपूरच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टर टेंभरे बाई होत्या. त्यांनी मात्र चपला बाहेर काढल्या, पाणी घेतलं, सगुणाच्या खाटेजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

नीळकंठ माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, आमच्या ठाण्याचा ठाणेदार, सध्या निलंबित. सगुणा माझी धाकटी जाऊ. तिचं डोकं फुटलं तेव्हा हा पन्नास पावलांवर एकतीस शिपाई घेऊन उभा होता. आता त्याला वर्दी परत हवी होती आणि नव्या कायद्यानं ती माझ्या सहीवर अडली होती. जखमी माणसाला सही जमत नसेल तर घरातल्या थोरल्या माणसानं करायची असते. मी शिकले दुसरीपर्यंतच, पण सही माझी ठसठशीत आहे.

आमचा तलाव बुजवून तिथं गोदामं बांधायचं ठरलं होतं. आम्ही ढीवर बायका त्यात शिंगाडे लावतो, मासोळी धरतो. मग आम्ही चाळीस जणी रस्त्यावर बसलो. घोषणा नाहीत, काही नाही. टोपल्या पुढ्यात घेऊन शिंगाडे सोलत बसलो, कारण तोडलेला माल थांबत नाही. पुढच्या रांगेत कोण बसणार यावरून कुजबुज सुरू झाली तेव्हा मीच दटावलं. म्हटलं, ठाणेदार आपलं पोर आहे, घाबरता कोणाला? आणि सगुणाला धरून पुढे बसवलं. ती चूक माझी, मला कोणी सांगायला नको.

सत्तेतल्या पक्षाची पोरं ट्रकमधून उतरली. गळ्यात पट्टे, हातात झेंड्यांचे दांडे. बारा मिनिटं त्यांनी बायकांना झोडपलं. पोलीस बघत राहिले.

डॉक्टर बाईंनी पाटावर आपल्या यंत्राचा पडदा मांडला. वाचन तक्रारदाराच्या समोर करावं लागतं, म्हणून त्या एवढ्या लांब आल्या होत्या. मी म्हटलं, आधी मला कळेल असं सांगा. त्यांनी सांगितलं ते असं. पाऊल उचलायच्या आधी मेंदू पायाला निरोप धाडतो. तो निरोप म्हणजे विजेची बारीक लहर. ती पोचली की पोटरी किंचित ताणते, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी. माणसानं मन बदललं, पाऊल उचललंच नाही, तरी तो ताण येऊन गेलेला असतो. पोलिसांच्या पँटीत आता एक धागा विणतात, तो हा ताण वेळेसकट लिहून ठेवतो. त्याला म्हणतात ओढधागा. पूर्वी चौकशीत जो तो म्हणायचा, मला जायचं होतं हो, जमलं नाही. आता पँटच साक्ष देते.

मी विचारलं, डास चावला तरी लिहितो का? बाई हसल्या. लिहितो, पण त्याची रेघ वेगळी, म्हणाल्या. मुद्दाम पाय ताणला तरी ओळखू येतं. आणि निघालेला पाय माणसानं स्वतःच आवरला, तर थांब म्हणणारा दुसरा निरोप उमटतो. त्याला रोध म्हणतात.

कायदा असा की ज्याचा धागा कोरा, त्याची नोकरी गेली. ज्याच्या धाग्यात ओढ सापडली, त्याचं मन साफ धरायचं आणि जखमीकडून सही मिळाली की त्याला परत घ्यायचं. त्या दिवशीचे एकतीसच्या एकतीस शिपाई कोरे निघाले. त्यांच्या पायांत काहीच हललं नव्हतं.

मग बाईंनी नीळकंठचा धागा वाचला. पहिला दांडा पडला तिथं ओढ, लगेच रोध. पुन्हा ओढ, पुन्हा रोध. सातव्या जागी रेघ पडद्याच्या पार वरपर्यंत गेली होती. ती वेळ मला ठाऊक होती. सगुणा उठून उभी राहिली होती आणि तिनं त्याला हाक मारली होती, नीळू, इकडे ये रे बाबा. ते तिचं शेवटचं बोलणं. त्यानंतर आजवर तिच्या तोंडून शब्द फुटलेला नाही.

ओढ सगळी मिळून एकोणीस वेळा. बाईंचा आवाज मऊ झाला. इतकी जोरकस ओढ त्यांनी कुठल्याच धाग्यात पाहिली नव्हती म्हणे.

नीळकंठ माझ्या पायांशी बसून लहान पोरासारखा रडला. म्हणाला, वरून फोन आला होता, थोडं थांबा म्हणून. दर वेळी वाटायचं, आता पुढचा फोन येईल. दाराशी जमलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. माझाही हात त्याच्या डोक्यावर गेला. खोटं कशाला बोलू, ते पोर आतून चांगलं आहे हे मला माहीत होतंच. आता यंत्रानंही सांगितलं.

मी बाईंना एकच विचारलं, त्याला धरून कोणी ठेवलं होतं का? त्यांनी पडद्याकडे पाहिलं. कोणी हात लावला असता तर धाग्यात दिसलं असतं, म्हणाल्या. थांबवणारे एकोणीसही निरोप त्याचे स्वतःचेच होते.

नीळकंठनं पेन पुढे केलं. मी ते घेतलं, टोपण लावलं आणि त्याच्या खिशात परत ठेवलं.

"नीळू, त्या एकतीस जणांले मी एखाद्या दिवशी माफ बी करीन. त्यायले सगुणा दिसलीच नाही. तुले ती एकोणीस डाव दिसली. तुह्या कागदातलं अक्षर न् अक्षर खरं हाय बाबा, म्हणूनच मी सही करत नाही."