टबातलं पाणी उतरलं नाही

गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून सांगते, यातलं एक अक्षर खोटं नाही. आणि मी उठसूट शपथ घेणारी बाई नव्हे.

साल १९७३. सोलापूर. एप्रिलातली भर दुपार.

हो, दुपारच. असलं काही रात्रीच होतं असं म्हणणाऱ्यांनी सोलापूरची दुपार बघितलेली नाही.

माझे यजमान शिवपुत्र एका गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, होते. गिरणीनं आम्हाला एका जुन्या साहेबाच्या बंगल्याचा मागचा भाग राहायला दिला होता. न्हाणीत साहेबाचा टब होता. बिडाचा, आतून पांढरा, टवके उडालेला. पहिलं वर्ष मी त्यात सरपण ठेवलं.

मग दुष्काळ पडला. नळाला तीन दिवसांआड पाणी यायला लागलं. सरपण बाहेर गेलं, टबात वापरायचं पाणी साठू लागलं. पण टब खालून गळायचा. यजमानांनी गिरणीतला फिटर आणला, रुद्रप्पा. त्यानं खालचं भोक शिसं ओतून बंद करून टाकलं.

"आता थेंब जात न्हाय बगा वैनी," तो म्हणाला. "पर रिकामा करायचा झाला तर तांब्यानं उपसा."

दुष्काळात टब रिकामा कोण करतंय?

घरात माझ्या सासूबाई होत्या, नागव्वा. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. उजवं अंग लुळं पडलेलं, वर्षभर अंथरुणात. जीभ मात्र तिखट. अक्कलकोटकडच्या, म्हणून निम्मं मराठी, निम्मं कानडी. माझी आई मी लहान असतानाच गेली. ही बाई माझी आई झाली. त्या उठून चालाव्यात, एवढंच मी देवाकडे मागत होते.

वैद्य म्हणाले, कढत पाण्यात बसवा. टबात गार पाणी होतंच. बंब तापवून त्यात ओतायचं ठरलं.

आत्याबाईंनी चांगला हात हलवला. "ब्याड, ब्याड."

ब्याड म्हणजे नको.

"गारात ऊन पानी वततात ते मड्याला. जित्या मानसाला आदी ऊन, मग इसण."

खरंच आहे ते. आमच्याकडे अजून तसंच, ऊन पाण्यात गार ओतून, विसण घेतात.

"आई, हितं प्यायला पानी न्हाय, आन तू इसण घिऊन बसलीस," यजमान म्हणाले आणि कामावर गेले.

बंबातलं पाणी टबात ओतून शेजारच्या केराबाईनं आणि मी त्यांना उचलून आत बसवलं. त्या बसल्यावर पाणी काठाला लागलं. केराबाई घरी गेली. मी अंगणात बंबाचा जाळ विझवायला गेले.

आतून आत्याबाईंचा आवाज आला. कानडीत. हळू... कुणाशी तरी बोलत होत्या.

मग एकदाच, "ब्याड."

मग... काहीच नाही.

चिमण्या गप्प. गिरणीची खडखड रात्रंदिवस कानात असायची, तीसुद्धा नाही.

मी धावत आत गेले.

आत्याबाई ताठ बसल्या होत्या. दोन्ही हात टबाच्या काठावर.

दोन्ही.

"रत्नम्मा, टॉवेल दे," त्या म्हणाल्या. शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ मराठी. मग त्या उठल्या, टबाबाहेर आल्या आणि चालत खोलीत गेल्या.

मला नाचावंसं वाटायला हवं होतं. मी टबाकडे बघत राहिले.

माणूस बाहेर आलं की पाणी उतरतं.

पाणी उतरलं नव्हतं. काठाला लागलेलं... तसंच.

आत कुणीतरी अजून बसून असल्यासारखं.

संध्याकाळी यजमानांनी गल्लीभर पेढे वाटले. मी पण एक खाल्ला. गोड लागला नाही.

लिंगपूजा केल्याशिवाय पाण्याला न शिवणारी बाई दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या भाकरी मागायला लागली. मी कानडीत हाक मारली. भिंतीकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यानंतर त्यांच्या तोंडून कानडीचा एक शब्द मी ऐकला नाही.

यजमानांना सांगितलं.

"आई चालाय लागली त्येचं तुला दुख झालंय व्हय?"

मी न्हाणीत गेले.

टबातून मी बादल्या भरून पाणी काढलं. पाणी काठालाच. हात घातला... ना ऊन, ना गार. हात घातलाय हेच कळेना. मग मी पाणी काढायचं सोडलं. दुपारी टबाशेजारी बसायची आणि मोडक्या कानडीत विचारायची, आत्याबाई, जेवलात का?

मला वेड लागलंय असं घरात ठरलं. यजमान रुद्रप्पाला घेऊन आले. टब काढून तिथं हौद बांधायचा होता.

मी टबापुढं उभी राहिले. "नगा हो भाऊजी. आत्याबाई हायत त्यात."

यजमानांनी मला दंडाला धरून बाजूला केलं. दारात त्या उभ्या होत्या, आपल्या पायांवर. त्यांनी रुद्रप्पाला सांगितलं, "फोडा."

रुद्रप्पानं टबाखाली आडवं होऊन छिन्नी मारली. शिसं सुटलं. पाणी मोरीकडे धावलं. एवढ्याशा टबातून किती वेळ पाणी जात होतं...

शेवटी मोरीच्या भोकात गुरगुर झाली. आणि त्यातून...

"ब्याड... ब्याड..."

रुद्रप्पाच्या हातातला हातोडा पडला. त्यालाही कानडी येत होतं. चहा न घेता तो गेला. परत आमच्या दारात आला नाही.

त्या पुढं बरीच वर्षं जगल्या. धडधाकट. अखेर गेल्या तेव्हा बायकांनी टाहो फोडला. मी कोरडी बसले.

केराबाई म्हणाली, "आईवानी सासू गेली की गं, आन तुज्या डोळ्यात टिपूस न्हाय?"

माझी आई केव्हाच मोरीतून वाहून गेली होती. ती गेली त्या दिवशी घरात कुणी रडलं नाही. घरातली पीडा गेली म्हणून त्या दिवशी पुरणपोळी होती, आणि ती मीच केली होती.

त्यानंतर रोज मी त्या बाईचे पाय चेपले. गार असायचे, मे महिन्यातसुद्धा. ते पाय कुणाचे होते, मला अजून ठाऊक नाही.