चुन्याखालची चौथी खूण

पटवून द्यायला मी हे लिहीत नाही. मी ध्वनिशास्त्र शिकलोय, पुराव्याशिवाय बोलायची सवय नाही. पण हे खरंच घडलं. माझ्या बहिणीच्या बाबतीत.

नोव्हेंबरातला मृतांचा रविवार, गेलेल्यांना आठवायचा दिवस. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातलं आमच्या गावचं चर्च. भर दुपार.

चर्चच्या भिंतीत एका ऑर्गनवादकाची तीनशे वर्षांपूर्वीची, बरोक काळातली कबरशिळा आहे. तिच्यावर सुरांची एकच ओळ कोरलीय.

अशी ओळ म्हणजे गाणाऱ्यांसाठी कोडं असतं. ओळ एक, गाणारे अनेक. पहिल्याने सुरू करायची, मग दुसऱ्याने तीच, वेगळ्या पट्टीत. ओळीच्या आरंभी जितक्या खुणा, तितके आवाज. ओळ गोल फिरत राहते. थांबायच्या जागी ओळीवर छोटी कमान कोरलेली असते; ज्याने त्याने आपापल्या कमानीखाली थांबायचं.

आमच्या शिळेवर तीन खुणा, तीन छोट्या कमानी. दर वर्षी या दिवशी तिघं ती गातात. यंदा मी, माझी बहीण ओटिली आणि चर्चचे म्हातारे संगीतप्रमुख गेर्नोट.

सरावाआधी मी शिळेवर टॉर्च तिरका धरला.

खुणांच्या वर चुन्याचा एक ठिपका होता...

मी किल्लीने खरवडला. आत चौथी खूण. सगळ्यांत उंच आवाजाची.

"अरे, हा तर माझा आवाज!" ओटिली नाचायचीच बाकी होती. "इतकी वर्षं मला उगाच खाली गायला लावलंत."

"राहू दे गं," गेर्नोट म्हणाले. "चुना कुणी हौसेने नाही भरत."

"आवाज ढगासारखा, आणि काळीज उंदराचं!"

"बरं बाई. मग तुझा आधीचा आवाज कोण गाणार?"

"मोकळा सोडू. काय बिघडतंय?"

चौथी कमान कुठे, हे कुणीच विचारलं नाही.

गेर्नोटनी सुरुवात केली. मग मी. मग ती मोकळी जागा आली...

आणि कुणीतरी गायलं.

आमच्या मागून. अगदी वेळेवर.

प्रतिध्वनी, मी स्वतःला सांगितलं. पण प्रतिध्वनी पट्टी बदलत नाही.

मग ओटिली उठली सुरांवर. इतकं सुंदर ती कधीच गायली नव्हती.

गेर्नोट आपल्या कमानीशी थांबले. मी थांबलो. मागचा आवाजही थांबला.

ओटिली थांबली नाही.

"पुरे गं," मी हसत म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. तिने मान हलवली... नाही.

मी तिच्या तोंडावर हात दाबला. सूर माझ्या तळहातात थरथरत राहिले.

ती अजून गातेय. झोपेतही. सुरांच्या मधल्या विरामात आई तिला घोट घोट सूप पाजते. डॉक्टरांनी मज्जातंतूंचं काहीतरी नाव सांगितलं.

शेवटी मी छिन्नी घेऊन गेलो. ओळीवर चौथी कमान कोरली.

लगेच आईचा फोन आला. "थांबली रे! ओटिली थांबली!" आई रडत, हसत होती.

मग आईचा आवाज बदलला...

"अरे, ही श्वास घेत नाहीये."

गेर्नोट तिथेच होते. त्यांनी ओल्या चुन्याची वाटी पुढे केली. मी बोटांनी कमान बुजवली.

फोनमधून ओटिलीचा सूर ऐकू आला. जिथे तुटला होता, तिथूनच.

वाटी त्यांच्याकडे आधीपासून कशी होती, हे मी विचारलं नाही.

चर्चची भिंत दमट आहे. चुना तडकतो. मी रोज जातो, कमानीवरून बोट फिरवतो, भेग दिसली की भरतो.

आज सकाळी गेलो, तर भरलेल्या चुन्याचा एक तुकडा खाली पडला होता.

आतून ढकलल्यासारखा...