आत जाणारा चोक

भुताच्या गोष्टीसाठी दिवे घालवायचा आग्रह मामांचा. मामा म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ. उभा जन्म गॅरेजात गेलेला. नव्या सुनेने थोडं घाबरून दाखवायचं असतं, म्हणून मी सुरुवातीलाच नणंदेला बिलगून बसले. पुढे दाखवायची गरज उरली नाही.

"माझ्याबरोबर एक मेकॅनिक होता," मामा म्हणाले. "आम्ही त्याला ढकल्या म्हणायचो. जगाच्या गाड्या दुरुस्त करायचा, स्वतःची जुनी व्हॅन मात्र ढकलल्याशिवाय हलायची नाही."

"दिव्याखाली अंधार!" दीर हसला.

"गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. रात्रीचे पावणेतीन. त्याच्या आईला दम्याचा झटका आला. महिनाभर अंथरुणाला खिळलेली बाई. दवाखान्यात न्यायला हवं. बायकोला तिच्याजवळ बसवून हा मागच्या शेडमध्ये गेला, गाडी काढायला. गाडी गारठून दगड झालेली. त्याने चोक ओढला."

"चोक म्हणजे काय, मामा?" नणंदेने विचारलं.

"तुमच्या गाड्यांना नसतो तो. स्टिअरिंगजवळ एक काळं बटण असायचं. ओढलं की कार्बोरेटरमधली हवेची वाट आवळते. हवा कमी, पेट्रोल जास्त; तेव्हा कुठे थंड इंजिन पेट घेतं. थोडक्यात, त्याचा श्वास कोंडायचा."

मामांनी घसा खाकरला.

"किल्ली फिरवली. नुसती घरघर. बघतो तर चोक आत गेलेला. पुन्हा ओढला. पुन्हा आत. केबल सैल झाली असेल, असं त्याला वाटलं. घरातून बायकोची हाक, 'अहो, आणा ना लवकर! ओठ निळे पडलेत त्यांचे!' मग त्याने बटण ओढून मुठीत धरूनच ठेवलं. आणि कुणीतरी... ती मूठ आत दाबायला लागलं."

दीर आता हसला नाही.

"स्प्रिंगची ओढ त्याला कळत होती रे. ही तशी नव्हती. दाब... मग थांब. दाब... मग थांब. धाप लागल्यासारखी."

"मग?" हे म्हणाले. अगदी हळू.

"आई तिकडे तडफडतेय, गाडी सुरू होत नाही. माणूस काय करेल? पाय रोवले. जीव खाऊन ओढला. सोडलाच नाही. दाब कमी झाला... आणखी कमी... गेला. तेवढ्यात इंजिन सुरू झालं."

मी नणंदेला आणखी बिलगले.

"धावत घरात आला. बायको दारात उभी. म्हणाली, 'आता कशाला गाडी... सारखं हाताने काहीतरी ढकलत होत्या हो. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि हात पडला.'"

"मामा, पुरे," नणंद म्हणाली.

"आईचा उजवा हात चादरीवर उताणा. तळव्यावर ग्रीसचा गोल डाग. बटणाएवढा. त्याने बोट लावून पाहिलं..."

अंधारात मामांनी बोट अंगठ्यावर घासलं. तो आवाज मला ऐकू आला.

"ओला होता."