हाक राहिलेला माणूस

यातलं काहीही रचलेलं नाही. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

इंग्लंडातल्या डॉर्सेटमधल्या थॉर्नकूम गढीच्या उंबऱ्यावर, नोव्हेंबरातल्या एका धुक्याच्या तिन्हीसांजेला हे घडलं.

ॲव्हरिल हॅलमचे वडील नुकतेच गेले होते. गढी सांभाळणं तिला एकटीला जमणार नव्हतं. आज ती विकली जाणार होती.

गढीला हे नवं नव्हतं. आधी ती मठाची होती. राजानं मठ मोडले तेव्हा एका दरबाऱ्याला मिळाली. त्याच्या नातवाकडून लोकरीच्या व्यापाऱ्याकडे गेली, मग गिरणीवाल्याकडे, मग ॲव्हरिलच्या आजोबांकडे. मालक बदलत गेले. ताबा द्यायची रीत मात्र तीच राहिली. कायद्याला तिची गरज उरली नव्हती, गावाला होती.

विकणाऱ्यानं घर रिकामं करायचं. उंबऱ्यावर उभं राहून घरातल्या एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची. सगळे बाहेर आले की हिरवळीतलं मातीचं ढेकूळ आणि एक डहाळी घेणाऱ्याच्या हातात ठेवायची. मग त्यानं एकट्यानं आत जाऊन दार लावायचं, आणि आपल्या हातानं उघडायचं.

ज्याची हाक राहिली, तो घराबरोबर गेला.

घेणारा थ्रेलफॉल ॲव्हरिलला पहिल्यापासून खटकत होता. आठवडाभर वरच्या मजल्यावर आवाज येत होता...

टक... टक...

वडिलांच्या काठीसारखा.

वर जाऊन पाहावं तर कोणी नाही. फक्त त्यांच्या खुर्चीची गादी... दबलेली.

थ्रेलफॉलनंच चोरून किल्ली करून घेतली असणार. तिला घाबरवून लवकर घालवायला.

तिनं कुलपं बदलली.

आवाज थांबला नाही.

"उरका, मिस," थ्रेलफॉल म्हणाला. "चिखलासाठी खास हातमोजे घेतलेत मी."

"काढा ते," घरची जुनी स्वयंपाकीण टकेटबाई फणकारली. "माती उघड्या हातानं घ्यायची असते. एवढंही ठाऊक नाही, आणि निघाले गढीचे मालक व्हायला!"

ॲव्हरिलनं टकेटबाईच्या नावानं हाक मारली. "बाहेर आहे!" मग माळ्याच्या. "बाहेर!"

आणि ती थांबली.

"आता बाबांना बोलाव, पोरी," टकेटबाई म्हणाली.

"ते चर्चच्या आवारात आहेत. तुम्हीच फुलं ठेवून आलात ना?"

"ठेवली. तरी बोलाव."

थ्रेलफॉल खुदकन हसला.

या माणसासमोर गेलेल्या बापाला हाक मारायची? शिवाय हाक मारता मारता आपल्याला रडू फुटेल, हेही तिला ठाऊक होतं.

तिनं ढेकूळ आणि डहाळी त्याच्या उघड्या हातात ठेवली.

तो आत गेला. दार लागलं.

बराच वेळ काहीच नाही.

मग...

टक... टक...

दाराच्या दिशेनं.

कडी निघाली. थ्रेलफॉलच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"घर रिकामं आहे म्हणालात तुम्ही."

"आहेच."

"मग बाकावर कोण बसलंय? कडी अडकली होती, ती एका म्हाताऱ्यानं काठीनं ढकलून दिली. कोट घालून, हॅट मांडीवर घेऊन बसलेत. शेजारी आणखी कितीतरी माणसं... एकाचं डोकं जुन्या मठातल्या साधूंसारखं मधोमध भादरलेलं. म्हाताऱ्यानं मला विचारलं..."

"काय?"

"ॲव्हरिलनं माझं नाव घेतलं का?"

"हे कुणी पढवलं तुम्हाला?" तिचा आवाज चढला. "बाईमाणूस पाहून थट्टा करता?"

"त्यांच्या एका बुटाची नाडी सुटली होती," तो पुटपुटला.



शेवटी शेवटी वडिलांना वाकता येत नसे. रोज तीच नाड्या बांधायची. शवपेटी बंद होण्याआधीही तिनं एक बांधली होती. दुसरी तिच्यानं बांधवली नव्हती.

खोलीत तेव्हा ती एकटीच होती.

"क्रिस्पिन हॅलम!" ती दाराकडे तोंड करून ओरडली. "बाबा! बाहेर या!"

आत काही हललं नाही.

टकेटबाईनं तिचा दंड धरला. "आता नाही यायचे ते. उंबरा दुसऱ्याचा झाला, पोरी."

यंदा जूनमध्ये थ्रेलफॉलनंही गढी विकायला काढली. ॲव्हरिल त्याला भेटायला गेली.

"ताबा देताना तेवढं माझ्या वडिलांचं नाव घ्या."

"कशाला?"

"तुम्ही पाहिलंत त्यांना."

"मी?" त्यानं तिच्या डोळ्याला डोळा भिडवला. "मी कुणालाही पाहिलं नाही, मिस. असं मी कधी म्हणालो?"

त्याच्या पाठीमागे...

टक...

त्यानं वळून पाहिलं नाही. ऐन जून, तरी त्याच्या अंगात ओव्हरकोट होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला. हॅट हातात.

दार लावता लावता तो थांबला. अगदी हळू म्हणाला,

"ताब्याच्या दिवशी... माझं नाव कोण घेईल?"

येत्या गुरुवारी ताबा आहे. हाक कोण मारणार, कुणाकुणाला मारणार, ॲव्हरिलला काही ठाऊक नाही. ती फाटकाशी थांबणार आहे.

बाबा आलेच, तर त्यांची नाडी सुटलेली असेल.